कानाची साल

रविवारी दुपारी जेवून आडवा झालो होतो. बायकोने उशीच्या अभ्र्यावरून काळं काहीतरी चिमटीत उचललं आणि माझ्या डोळ्यांसमोर धरलं. मोहरीएवढं, चुरगळलेलं.

"हे काय पडतंय रे तुझ्या डोक्यातून?"

डोक्यातून नव्हे, कानावरून. हेडफोनच्या गाद्यांना साल सुटली होती. लेदर म्हणून आपल्या गळ्यात मारतात ते बहुतेकदा कापडावर चढवलेला पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकचा पापुद्रा असतो. आपल्याकडच्या दमट हवेत आणि घामात दोन पावसाळे काढले तर नशीब. आवाज मात्र अजून खणखणीत. गाद्या बदलून मिळतील म्हणून लॅमिंग्टन रोड पालथा घातला. एका दुकानदाराने हेडफोन हातात न घेताच लांबून पाहिला आणि म्हणाला, "इसका पॅड नहीं आता. नया ले लो."

नवीन घ्यायचा म्हणजे परीक्षा आलीच. पुतण्या त्याचा चोवीस हजारांचा घेऊन आला, मुलीचे सातशेचे वायरवाले इयरफोन होतेच. जेवणाच्या टेबलावर तिघांना ओळीने मांडलं. माझा सालपटं सोडत बसला होता.

माझी कसोटी एकच. नुसता तानपुरा. गाणं नको, तबला नको. तारा टेकतात त्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावलेली असते ना, तिचा तो झणझणता, तारेभोवती घोंघावणारा सूर कानात उलगडला तर हेडफोन पास. बाजारातले निम्मे इथेच गारद होतात. त्यांना सगळ्यात ढुमढुम भरायची हौस, मग खर्जाची तार रिकाम्या पिंपावर थाप मारल्यासारखी येते आणि जवारी त्याखाली गुदमरते. सातशेवाल्यात जवारी चक्क होती. फक्त इयरफोन कानात घट्ट बसला पाहिजे, जरा सैल पडला की खर्ज गायब. चोवीस हजारवाल्यात तानपुरा समोर मांडी घालून बसला होता. कबूल.

तेवढ्यात पुतण्याला खाज सुटली. "काका, खोक्यावर बघ, वीस हर्ट्झ ते चाळीस हजार हर्ट्झ!" त्याने एका अ‍ॅपवर सोळा हजार हर्ट्झची शिट्टी लावली. मला ढिम्म काही नाही. तो मात्र कान झाकून घेत होता. माणसाचा कान फार तर वीस हजारांपर्यंतचा, तोही लहानपणी. वरचे मजले वयाबरोबर एकेक करून बंद होत जातात. म्हणजे मी जे ऐकूच शकत नाही त्याचेही पैसे मोजायचे. तळमजल्यावर राहून लिफ्टचा मेंटेनन्स भरण्यातला प्रकार.

चोवीस हजारवाल्याचं बाहेरचा आवाज मारणारं बटण मात्र मजेशीर. आत बसवलेला माइक बाहेरची घरघर ऐकतो आणि तिच्या बरोबर उलटी लाट कानात सोडतो. पंखा गेला, फ्रिज गेला. पण हे जमतं ते एकसुरी घरघरीपुरतं. माणसाचा आवाज त्यातून वाट काढतोच. दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये लावून पाहिला, तर गाडीची धडधड बरीच विरली आणि समोरच्या दोघांचं प्रॉव्हिडंट फंडाचं भांडण अगदी शब्द न् शब्द ऐकू आलं. शिवाय चष्म्याच्या काड्या गादीखाली दबून कानशिलं दुखायला लागली ती वेगळीच. मशीद स्टेशनला उतरलो तेव्हा कान पावाच्या भट्टीतून काढल्यासारखे झाले होते.

माझ्या आयुष्यातला पहिला इयरफोन एकाच कानाचा होता. आमचं बिऱ्हाड खेतवाडीत, चाळीत. बाबांच्या ट्रान्झिस्टरला तो लागायचा. मळकट गुलाबी, अंगाच्या रंगाचा म्हणे, पण तसला रंग घरात कुणाच्याच अंगाचा नव्हता. जानेवारी 1992, सिडनीची कसोटी. तिथे अकरा वाजता खेळ सुरू म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. खोलीत सगळे झोपलेले, म्हणून आवाज फक्त बाबांच्या उजव्या कानात. मी गोधडीतून त्यांचं तोंड बघत असे. शॉर्टवेव्हवर आवाज येई-जाई, तसतसं त्यांचं कपाळ आक्रसे आणि सैल होई. चौकार बसला की चार बोटं वर. एकेरी धावेला बोट उचलत नसत, नुसती मान. आई नळावर रांगेत उभी, हंडा भरून आत आली की तीही आधी बाबांचा हात बघायची.

शास्त्रीने त्या सामन्यात 206 काढल्या, अठरा वर्षांचा सचिन 148 वर नाबाद राहिला. दोघेही आपलेच, मुंबईचे. पुढे शास्त्रीला कुणा नवख्या लेगस्पिनरने काढलं. बाबांनी त्याचं नाव सांगितलं, पण आम्हाला ते नीट कळलंही नाही. वॉर्न की काय.

मी फारच मागे लागलो की बाबा तो इयरफोन स्वतःच्या कानातून काढून माझ्या कानात घालत. कोमट असायचा. आत खरखर, समुद्र, आणि समुद्रापलीकडे एक गोरा माणूस काहीतरी बोलतोय, एवढंच. एक ओव्हर झाली की परत.

परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी बाबा बाहेर आले तेव्हा टेबलावर पसारा तसाच होता. आता एकोणऐंशीचे आहेत. मी चोवीस हजारवाला त्यांच्या डोक्यावर चढवला, चष्मा जरा सरळ केला आणि तानपुरा लावला. त्यांनी डोळे मिटले. पुतण्या अपेक्षेने त्यांच्याकडे बघत होता, मी त्यांच्या हाताकडे. हात मांडीवर होता, बोटं हलली नाहीत. मिनिटभराने त्यांनी दोन्ही हातांनी तो उचलून पुतण्याच्या पुढ्यात ठेवला.

"जड आहे रे," म्हणाले. "चहा टाकलाय का?"