सहापैकी सहावं पान: चॅप्टर १३ आणि आमचं घर

लोन मॉडिफिकेशन, म्हणजे घरकर्जाच्या अटी बदलून हप्ता कमी करून, मागितलं की अमेरिकेत कुणी तोंडावर 'नाही' म्हणत नाही. 'कागद अपुरे आहेत' म्हणतात. नकार आला तर अपील तरी करता येतं. 'अपुरे'वर कुणाकडे दाद मागायची?

नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, पुढचं मिळायला वेळ लागला आणि न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या घराचे हप्ते थकले. माझ्या डब्यांच्या पैशात किराणा आणि बिलं भागत होती, हप्ता नाही. इथल्या बऱ्याच घरांत हे होऊन गेलंय, फक्त मंडळाच्या गणपतीत कुणी बोलत नाही, एवढंच.

न्यू जर्सीत घरावर जप्ती आणायला बँकेला कोर्टात जावं लागतं, आणि साधारण १२० दिवसांची थकबाकी होईपर्यंत ती दावाही लावू शकत नाही. म्हणजे वेळ असतो. आमचा तो सगळा वेळ सर्व्हिसरने, म्हणजे बँकेच्या वतीने हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीने, खाल्ला.

आधी त्यांना बँकेच्या स्टेटमेंटचं शेवटचं पान मिळेना. स्टेटमेंट सहा पानांचं, सहावं पान कोरं. 'हे पान मुद्दाम कोरं ठेवले आहे' अशी त्यावर एक ओळ, बस्स. मी ते पाठवलं नव्हतं, कारण कोरं पान कोण पाठवतं? तर म्हणे स्टेटमेंट अपूर्ण. ते पाठवलं, तोवर नवऱ्याच्या नव्या नोकरीच्या पे स्टब, म्हणजे पगाराच्या पावत्या, जुन्या झाल्या होत्या. ताज्या पाठवल्या, तर खात्यात दिरांनी झेलने (बँकेतून बँकेत पैसे पाठवायच्या ॲपने) पाठवलेल्या पैशांचा लेखी खुलासा हवा. तोही दिला. मग माझ्या डब्यांच्या नफा-तोट्याच्या कागदावर सही आहे, पण सहीखाली तारीख नाही! तारीख घालून पाठवेपर्यंत स्टेटमेंट जुनं झालं, की पुन्हा सहापैकी सहावं पान. फोनवर दर वेळी नवा माणूस, आणि प्रत्येकाला नवऱ्याची नोकरी गेल्यापासूनची कथा पहिल्यापासून ऐकायची असायची.

हा नुसता आळस नव्हे. लिलावाच्या ३७ दिवसांहून आधी पूर्ण अर्ज पोचला, तर त्यावर निर्णय होईपर्यंत त्यांना लिलाव करता येत नाही, असा केंद्राचा नियम आहे. सगळी मेख त्या 'पूर्ण' शब्दात. अर्ज पूर्ण आहे असं त्यांनी म्हटलंच नाही, तर नियम लागूच होत नाही. इकडे आमचे कागदी घोडे नाचत होते, तिकडे त्यांच्याच वकिलाने निकाल मिळवून शेरीफ सेलची, म्हणजे घराच्या लिलावाची, तारीख लावली. (घरमालकाला ही तारीख शेरीफकडे विनंती करून दोनदा पुढे ढकलून घेता येते. आम्ही घेतली. घेणाऱ्याने त्या वेळात वकील गाठावा, पुन्हा फॅक्स करत बसू नये.)

मग चॅप्टर १३, म्हणजे घर राखून थकबाकी हप्त्यांनी फेडायची दिवाळखोरी. अर्ज दाखल झाला त्याच क्षणी लिलाव थांबला. त्यासाठी वेगळा हुकूम लागत नाही. मात्र अर्ज हातोडा पडायच्या आधी जायला हवा. लिलावानंतरचे दहा दिवस सगळं कर्ज एकरकमी फेडणाऱ्यासाठी असतात, हप्त्यांत थकबाकी भरणाऱ्यासाठी नाही. क्रेडिट काउन्सेलिंगचा कोर्स अर्जाच्या आधी करावा लागतो, तो ऑनलाइन उरकतो. कोर्टाची फी ३१३ डॉलर. वकिलाची बरीचशी फी प्लॅनमधून, म्हणजे कोर्टाने मंजूर केलेल्या फेडीच्या हप्त्यांतून, देता येते.

प्लॅन तीन ते पाच वर्षांचा असतो. समजा २४ हजारांची थकबाकी आहे, तर ६० महिन्यांत महिना ४००, वर ट्रस्टीचं, म्हणजे हे हप्ते गोळा करून देणी वाटणाऱ्या माणसाचं, कमिशन. शिवाय चालू हप्ताही भरायचाच. म्हणून घरात उत्पन्न नसेल तर या वाटेला जाऊ नये. चॅप्टर ७ने, म्हणजे हप्त्यांचा प्लॅन नसलेल्या दिवाळखोरीने, लिलाव फक्त लांबतो, थकबाकी भरायला मुदत मिळत नाही. आणि राहत्या घराच्या पहिल्या कर्जाचं मुद्दल न्यायाधीशही कमी करू शकत नाहीत, कुणी तसं आश्वासन देत असेल तर तिथून उठावं.

सांगलीच्या घराचं राहिलंच. सासऱ्यांच्या मागे त्या घरात नवऱ्याचा हिस्सा आहे. 'इथल्या कोर्टाला कुठे कळतंय,' असं सांगणारे हितचिंतक भेटले. ऐकू नका. जगात कुठेही असलेली मालमत्ता, भारतातली एफडीसुद्धा, शपथेवर लिहावी लागते. आमच्या वकीलबाईंनी हिस्सा आणि अंदाजे किंमत आधीच मागून घेतली, त्यामुळे ट्रस्टीने झूमवरच्या मीटिंगमध्ये विचारलं तेव्हा उत्तर तयार होतं. अशा मालमत्तेमुळे प्लॅनमधली रक्कम वाढू शकते, हे मात्र धरून चाला.

खरी गंमत पुढे. न्यू जर्सीच्या बँकरप्सी, म्हणजे दिवाळखोरीच्या, कोर्टाचा लॉस मिटिगेशन (घर वाचवायला बँकेशी तडजोड करायचा) कार्यक्रम आहे. त्यात मॉडिफिकेशनचे तेच सगळे कागद एका पोर्टलवर चढवायचे असतात, आणि कोणता कागद कधी चढला, समोरच्याने काय मागितलं, याची नोंद तिथेच राहते. 'मिळालं नाही' म्हणायची सोयच उरत नाही, कारण उशीर झाला तर त्यांच्या वकिलाला न्यायाधीशांपुढे कारण सांगावं लागतं. मी ते कोरं सहावं पान सगळ्यात आधी चढवलं. आधी ज्यांना आमचा एकही अर्ज पूर्ण वाटला नव्हता, त्यांनी तोच अर्ज पूर्ण असल्याचं लिहून दिलं! तीन महिन्यांचे ट्रायल हप्ते वेळेवर भरले, मग मॉडिफिकेशन मंजूर. थकबाकी मुद्दलात मिळवली, मुदत वाढवली, हप्ता झेपेल इतका झाला. एकूण व्याज जास्त जाणार हे मला कळतं, त्यावरून व्याख्यान नको.

क्रेडिट कार्डांच्या देण्यापायी प्लॅन अजून चालू आहे. तुमचाही चालू असेल तर दोन गोष्टी. मध्येच केस रद्द होऊ देऊ नका. वर्षाच्या आत दुसऱ्यांदा अर्ज केला तर लिलावाला मिळणारी स्थगिती आपोआप ३० दिवसांत संपते, वाढवून घ्यायची तर त्याच ३० दिवसांत कोर्टाला पटवावं लागतं. आणि शेवटी अजून एक कोर्स असतो, पैशांच्या व्यवस्थापनाचा. पाच वर्षं हप्ते भरूनही तो राहिला तर डिस्चार्ज, म्हणजे उरलेल्या देण्यांतून सुटका, मिळत नाही. आमचा झालाय, प्रमाणपत्राची प्रत वकीलबाईंकडे आणि एक माझ्याकडे, सगळ्या पानांसकट.