आमची वाटचाल : तपकिरी गूळ, काकवी आणि आठवडी बाजार

लोक विचारतात, कोल्हापूरचं मार्केट यार्ड एवढं जवळ असताना तुम्ही आठवडी बाजारात ताडपत्री टाकून का बसता. अहो यार्डात सौदा निघतो तो रंगावर. गुळाचा पिवळाधमक रवा, म्हणजे ढेप, दिसला की बोली चढते, आणि आमच्यासारखा भेंडी घालून मळी काढलेला तपकिरी गूळ असला की व्यापारी टोकरून बघतो, तोंडात टाकतो, मान हलवतो आणि दर कमीच लावतो. तो पिवळा रंग हायड्रॉसनं, म्हणजे गूळ उजळ करायच्या रासायनिक पावडरीनं येतो, हे इथं कुणाला सांगायला नको. वडिलांनी ते कधी काहिलीत, रस उकळायच्या मोठ्या कढईत, पडू दिलं नाही, मीही नाही. २०१४ ला कोल्हापुरी गुळाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, वाटलं आता तरी फरक पडेल, पण बाहेरनं आलेला गूळ अजून आमच्याच नावानं खपतोय.

म्हणून बाजार. किलोचे, अर्ध्या किलोचे रवे, आणि बाटलीत काकवी, म्हणजे पातळ गूळ. आमचे गुळव्यामामा, म्हणजे गूळ उतरवणारे कारागीर, थर्मामीटरकडं ढुंकून बघत नाहीत, गार पाण्यात थेंब टाकून गोळी वळतात, आणि गंमत म्हणजे त्यांची गोळी जमते तेव्हा माझ्या थर्मामीटरचा काटा पण ११८ अंशांच्या आसपासच असतो. काहिलीखालच्या चुलवाणात उसाचं चिपाड किती घालायचं हे पण तेच ओरडून सांगणार, काहील उतरली की मगच चहा पिणार. असा माणूस सांभाळा, मशीन काय कधीही घेता येतं.

सुरुवातीची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मग ऑगस्ट २०१९. पंचगंगेचं पाणी रानात शिरलं ते हलायलाच तयार नाही, सखल भागातला ऊस शेंड्यापासनं कुजला, चुलवाण ढासळलं, गोडाऊनमधला गूळ गेला. माळावरचा ऊस उभा राहिला खरा, पण मुळात पाणी साचून रस पांचट झालेला, एरवी टनाला ११०-१२० किलो पडणारा गूळ ८० वर आला, तोही वाफ्यात, म्हणजे गूळ ओतून थंड करायच्या हौदात, घट्ट बसेना, मऊच राहायचा. तेव्हा मामाच म्हणाले, बसत नाही तर बसवायचा कशाला, काकवीवरच उतरवू. त्या हंगामात काकवीनंच घर चाललं आणि बँकेचे हप्ते पण.

आता शेजारच्या गाळ्यावाल्याचं. नाव घेत नाही, बाजारात सगळ्यांना माहितीय. स्वतः साखर मिसळलेला पिवळा गूळ विकणार आणि वर गिऱ्हाइकाला सांगणार, "त्यांचा नका घेऊ, पुराच्या पाण्यातला आहे." आमच्या मऊ ढेपेचा फोटो काढून गावभर व्हॉट्सॲपवर फिरवला. नेहमीची माणसं नजर चुकवून जायला लागली, हे मी विसरलेलो नाही आणि विसरणार पण नाही.

तेव्हा बाजाराच्या तोंडाला चहाचा गाडा लावणाऱ्या आक्का उभ्या राहिल्या. गुळाच्या चहात दूध फाटतं ही सगळ्यांची तक्रार, त्यांनी आमचा गूळ उकळीत टाकला, सगळ्यांसमोर वरनं दूध ओतलं आणि म्हणाल्या, फाटलं तर चहा फुकट. नाही फाटलं. दुसऱ्या बाजाराला त्यांनी शेजाऱ्याचा गूळ पण विकत आणून तसाच उकळला, त्याचं काय झालं ते मी लिहीत नाही, तिथं उभे असलेले सांगतील. आक्का आजही उधारी ठेवत नाहीत आणि मी दिलेला जादा रवा घेत पण नाहीत.

नव्यानं बाजारात बसणाऱ्या पोरांनो, काट्यावर वजनमापवाल्यांचा शिक्का आधी मारून घ्या, एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षावाल्यांचं, रजिस्ट्रेशन करा, आम्ही काढलं तेव्हा वर्षाला १०० रुपयेच पडत होते. आणि चव द्यायला हात आखडू नका, घासभर गूळ गेला तर जाऊ दे. सेंद्रिय असं छापू नका जर कागद नसेल, पुढं कुणीतरी विचारतंच.

शेजारी अजून शेजारीच आहे, आता त्यानं पण तपकिरी रवे ठेवलेत, कशानं तपकिरी केलेत देव जाणे. तुम्ही आलात तर काकवीची रिकामी बाटली घेऊन या, ५ रुपये कमी लावतो.