तुम्ही विचारलंत म्हणून: पासपोर्ट का नाही बदलला?

पुण्याला आले की हा प्रश्न ठरलेला: "इतकी वर्षं जर्मनीत राहतेस, मग अजून भारतीयच पासपोर्ट?"

मी राहते केलमध्ये, ऱ्हाइनच्या अलीकडच्या काठावर. पलीकडे फ्रान्स, तिथलं स्ट्रासबर्ग. २०१७ पासून तिथली ट्राम पूल ओलांडून आमच्याकडे येते. युरोपीय संसदही तिकडेच. रोज दोन देशांत ये-जा करणारी बाई आपसूक युरोपीय होत असेल, असं मला खूप वर्षं वाटायचं.

९ जून २०२४ ला आमच्याकडे नगर परिषदेची आणि युरोपीय संसदेची निवडणूक एकाच दिवशी झाली. खालच्या मजल्यावरचा इटालियन मुलगा, येऊन वर्षही झालं नव्हतं, दोन्हींसाठी मत देऊन आला. मला इथे पंधरा वर्षं झालीत, आणि मत नाही. माझ्या नखावर मात्र १३ मेची पुण्याची शाई अजून दिसत होती. त्या मतासाठी मी खास गेले होते.

१९९३ मध्ये मास्ट्रिख्ट करार लागू झाला आणि युरोपीय नागरिकत्व आलं. त्या इटालियन मुलाला इथे मत मिळतं ते त्याच जोरावर. पण हे नागरिकत्व मिळतं युरोपीय संघाच्या सदस्य देशाच्या नागरिकालाच. देश संघातून बाहेर पडला की तेही जातं. १९८४ पासून फ्रान्समध्ये राहणाऱ्या एका ब्रिटिश बाईंचं नाव ब्रेक्झिटनंतर मतदारयादीतून गेलं आणि २०२२ मध्ये युरोपीय न्यायालयानेही ते योग्यच ठरवलं. इतक्या वर्षांच्या शेजाराची काहीच किंमत नाही? मला हे फार लागलं.

जर्मनी २७ जून २०२४ पासून जुनं नागरिकत्व ठेवू देते. आपला १९५५ चा कायदा देत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर पुण्यात येता येईल, राहता येईल, मत देता येणार नाही. केलच्या मतासाठी पुण्याचं मत सोडायचं, हे मला जमत नाही.

खरं तर गावच्या शाळा, पाणी, ट्राम यांचा निर्णय तिथे राहणाऱ्यांनी घ्यावा. आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुकीत कुठल्याही देशाचा रहिवासी मत देतो. स्वीडनमध्ये तीन वर्षं राहिल्यावर देता येतं. जर्मनीत हाम्बुर्गने असा प्रयत्न केला होता, तो घटना न्यायालयाने १९९० मध्ये रद्द केला. घटना बदलावी लागेल म्हणतात. इटालियन, फ्रेंच शेजाऱ्यांसाठी १९९२ मध्ये ती बदललीच होती की!