दहाव्या मात्रेवर

रविवार, ७ जुलै

शुक्रवारी संध्याकाळी दादरला गाडीत चढताना उजव्या हाताच्या अनामिकेचे नख तुटले. गाडीत दांडा धरायचा तो डाव्या हाताने आणि उजवा हात छातीशी दुमडून ठेवायचा, हा नियम मी गेली अकरा वर्षे पाळत आलो आहे. परंतु त्या दिवशी मागून रेटा आला आणि हात आपोआप दारातल्या खांबाकडे गेला. नख दोन-तीन मिलिमीटर कमी झाले म्हणजे नेमके काय बिघडते, हे गिटार न वाजवणाऱ्याला समजावणे कठीण आहे. ट्रेमोलो वाजवताना अंगठा खर्जाच्या तारेवर पडतो आणि त्याच्यामागून अनामिका, मधले बोट आणि तर्जनी वरच्या एकाच तारेवर ओळीने येतात. हे तीन आघात सारख्या वजनाचे असले, तरच ऐकणाऱ्याला सुटे ठोके न जाणवता एक सलग स्वर ऐकू येतो. त्यातले एक नख आखूड झाले की तो स्वर लंगडतो.

आज सकाळी टिश्यू पेपरचा बारीक तुकडा तुटलेल्या नखावर ठेवून त्यावर फेव्हिक्विकचे दोन पातळ थर दिले आणि वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने कड गोल करून घेतली. हे करताना दरवेळी मला स्पॅनिश गिटारवादक आणि रचनाकार फ्रान्सिस्को तारेगा आठवतात. ज्यांच्या ट्रेमोलोच्या रचनेवर आजही प्रत्येक अभिजात गिटारवादकाचा हात तपासला जातो, त्या तारेगांनी आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात नखे काढून टाकली आणि केवळ बोटांच्या मऊ टोकांनी वाजवायला सुरुवात केली. अभिजात संगीतापुरते तेवढ्यावर भागलेही असते; परंतु मी शिकतो आहे त्या फ्लॅमेंको या स्पॅनिश संगीतातला रास्गेआदो, म्हणजे बोटे एकामागून एक उघडत तारा छेडण्याचा प्रकार, हा नखांच्या पाठीनेच तारांवर उघडतो, त्यामुळे माझी त्यातून सुटका नाही.

नखांचे हे सारे मला वयाच्या पस्तिशीनंतर कळले. तोपर्यंत माझ्या उजव्या हातात पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी चपटी पट्टी, असे.

गिटार मला कोणी शिकवली नाही. १९९४ साली, सोळाव्या वर्षी, धोबी तलावच्या एका दुकानातून मी पहिली गिटार घेतली आणि दोन वर्षांनी एका मित्राची वापरलेली इलेक्ट्रिक गिटार. आम्ही गिरगावात चाळीत दोन खोल्यांत राहत होतो. तिथे ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारे यंत्र, लावण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून रात्री सगळे झोपल्यावर मी गिटारच्या लाकडाला कान टेकवून वाजवत असे. तसे केले की तारांचा आवाज लाकडातून थेट हाडात उतरतो आणि शेजारच्या अंथरुणावरच्या माणसाला केवळ खुटखुट ऐकू येते. कॅसेट मागे-पुढे करून एकेक सोलो उतरवून घ्यायचा, चुकलेला स्वर पुन्हा शोधायचा आणि शनिवारी तो बँडमधल्या इतरांना ऐकवायचा, हाच माझा अभ्यासक्रम होता. कानाने शोधण्याची ती सवय अजून टिकून आहे आणि तिच्याबद्दल मला त्या वर्षांचे मनापासून ऋण वाटते.

रंगभवन या मुंबईतल्या खुल्या रंगमंचाचेही ऋण आहे. १९८६ मध्ये सुरू झालेला तिथला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा रॉक संगीताचा महोत्सव आमच्या पिढीच्या वाट्याला आला तेव्हा चांगला रुजलेला होता. ऑगस्टच्या चिखलात, उघड्या आकाशाखाली, हजारो मुले एकाच ठोक्यावर मान हलवताना मी पाहिली आहेत. पुढे आसपासच्या रुग्णालयांमुळे तो परिसर शांतता क्षेत्रात मोडला आणि तिथले कार्यक्रम थांबले. आमचा बँडही त्याच सुमारास विरला. कोणाची बदली झाली, कोणी परदेशी गेला. भांडण असे झालेच नाही.

त्या सात-आठ वर्षांत एक गोष्ट मात्र मी शिकलो नाही, आणि ती शिकलो नाही हे मला फार उशिरा समजले. लय सांभाळणे ही ड्रमरची जबाबदारी आहे, असे मी धरून चाललो होतो. मी त्याच्या ठोक्याला टेकून वाजवत असे. टेकायला कोणी नसेल तेव्हा आपण स्वतः कुठे उभे असतो, हे तपासण्याची वेळच माझ्यावर आली नाही.

वळण मिळाले ते काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउस या संगीताच्या दुकानातून आणलेल्या एका ध्वनिमुद्रणामुळे. त्यात तीन गिटारवादक होते. अल दि मेओला आणि जॉन मॅक्लॉफ्लिन ही नावे रॉकवाल्यांना ठाऊक होती. मॅक्लॉफ्लिन तर ‘शक्ती’ या वाद्यसमूहात तबलावादक झाकीर हुसेन यांच्यासोबत वाजवत, म्हणून घरातही त्यांच्याविषयी थोडा आदर होता. तिसरे नाव, फ्लॅमेंको वाजवणारे पाको दे लुसिया, माझ्यासाठी नवे होते. ५ डिसेंबर १९८० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झालेल्या त्या मैफलीत दि मेओला उजव्या बाजूने ऐकू येतात आणि पाको डाव्या बाजूने. पहिल्या दोन-तीन वेळा मी दोन्हीकडचे ऐकले. त्यानंतर कित्येक महिने हेडफोन केवळ डाव्या कानावर ठेवला. वेग दोघांचाही अफाट होता, पण डावीकडचा स्वर प्रत्येक वेळी वेगळ्या बोटातून सुटत होता, आणि त्याला पिकचा करकरीत काठ नव्हता. हे कसे होते, हे मला कानाने उतरवता आले नाही. कान हरल्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ होती.

म्हणून मी आधी अभिजात, म्हणजे क्लासिकल, गिटारकडे गेलो. नायलॉनच्या तारांची गिटार घेतली, तेव्हा तिची मान हातात मावेना, कारण इलेक्ट्रिक गिटारच्या मानेची रुंदी टोकाशी साधारण ४३ मिलिमीटर असते आणि हिची ५२. मुंबईच्या हवेत पंधरा दिवसांत गंजणाऱ्या पोलादी तारांची सवय असलेल्या मला नायलॉनचे अप्रूप वाटले. तसे या तारांचे वयही फार नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आतड्याच्या तारा दुर्मिळ झाल्या, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट ऑगस्टिन यांनी नायलॉनची तार बनवली आणि स्पॅनिश गिटारवादक सेगोव्हियांनी ती आपलीशी केली. डावा पाय छोट्या पाटावर ठेवून, समोर आरसा मांडून मी मातेओ कारकासी यांचे पंचवीस अभ्यासपाठ हाती घेतले. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, पहिलीतल्या मुलासारखे बोट ठेवून वाचायला शिकलो. पाको दे लुसिया यांनाही नोटेशन सफाईने वाचता येत नसे आणि तरीही १९९१ मध्ये त्यांनी स्पॅनिश संगीतकार रोद्रिगो यांचा अरान्हुएस कॉन्चेर्तो, म्हणजे गिटार आणि वाद्यवृंदासाठीची रचना, वाद्यवृंदासोबत सादर केला, हे कळल्यावर मला धीर आला. परंतु त्याचा आधार घेऊन नोटेशन टाळावे, असे मात्र वाटले नाही.

त्या पाठांमध्ये सर्वांत जास्त वेळ मला स्वर काढायला लागला नाही, तो थांबवायला लागला. खर्जाची मोकळी तार एकदा छेडली की ती पुढचा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरसमूह, बदलल्यावरही गुंजत राहते आणि नव्या सुरात जुन्याचा गढूळपणा मिसळतो. तिला योग्य क्षणी अंगठ्याच्या कडेने, खट असा आवाज न करता, झोपवावे लागते. ॲम्पच्या गोंगाटात या गोष्टीला काही किंमत नव्हती. एका पानाच्या पाठात असे सतरा थांबे मी पेन्सिलने खुणा करून मोजले होते. ते सगळे हातात बसायला एक पूर्ण पावसाळा गेला.

सोमवार, ८ जुलै

रात्रभर कोसळलेल्या पावसाने सकाळी गाड्या बंद होत्या. कार्यालयात जाणे शक्य नव्हते, म्हणून आठ वाजताच गिटार काढली. फ्लॅमेंकोची ही गिटार सायप्रस नावाच्या झाडाच्या पातळ लाकडाची आहे. अभिजात गिटारपेक्षा हलकी असल्याने दमट हवेचा परिणाम तिच्यावर लगेच होतो, आणि पावसाळ्यात पेटी उघडल्यावर मी आधी तिचा वास घेतो. लाकडाचा वास आला तर ठीक. कुबट वास आला तर सिलिका जेलच्या पुड्या बदलायच्या.

सध्या सोलेआ हा फ्लॅमेंकोतला एक प्रकार चालू आहे. बारा मात्रांचे आवर्तन, आणि जोर तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या व बाराव्या मात्रेवर. स्वरांच्या बाजूने हा प्रकार मला कधी परका वाटला नाही. मूळ स्वराला षड्ज मानले तर बराचसा चलनभाग भैरवीच्या सुरांत फिरतो आणि शेवटच्या मेजर कॉर्डवर उतरताना शुद्ध गंधार लागून वसंतमुखारीची आठवण होते. यावरून इतिहासातले काही नाते सिद्ध होते असे मला म्हणायचे नाही; माझ्या कानाला मात्र तिथे घर सापडले. अडचण आहे ती लयीची. दोन वर्षे मेट्रोनोमवर, म्हणजे सारखे ठोके देणाऱ्या यंत्रावर, वाजवूनही माझी सोलेआ बसत नाही, आणि ती कुठे निसटते हे मला एकट्याला सांगता येत नव्हते.

बाबा आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी चाळीस वर्षे भजनी मंडळात पखवाज वाजवला. लहानपणी मी त्यांच्यासमोर कधी बसलो नाही, कारण मला तेव्हा दुसरे संगीत हवे होते, आणि त्यांनीही कधी आग्रह केला नाही. आज ते स्वतःहून बाहेर येऊन खुर्चीवर बसले आणि मांडीवर हाताने ताल धरू लागले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “एकताल आहे का रे हा?”

“बाराच मात्रा आहेत बाबा, पण जोर वेगळ्या ठिकाणी येतो.” मी टाळ्या वाजवून दाखवल्या.

त्यांनी तीन आवर्तने ऐकली, मग म्हणाले, “बाराव्यापासून धर. आधी तीन-तीन, मग दोन-दोन-दोन. अर्धा दादऱ्यासारखा चालतोय आणि अर्धा एकतालासारखा. बरोबर आहे. आता सांग, सम कुठे?”

पुस्तकात मोजणी एकपासून लिहिलेली असते, म्हणून मी एक म्हणालो. त्यांनी मान हलवली. “मोजायला सुरुवात कुठून करतोस ते नाही विचारत. तुझी जागा संपते कुठे? तू उतरतोस कुठे?”

“दहाव्यावर.”

“मग तुझी सम तीच. तिकडे बघत वाजव.”

सोलेआतली प्रत्येक फाल्सेता, म्हणजे सुरावटीची प्रत्येक जागा, दहाव्या मात्रेवर विसावते, हे मला ठाऊक होते. परंतु मी एकपासून ढकलत निघत होतो आणि दहावी मात्रा वाटेत लागत होती. आता तिच्याकडे तोंड करून निघालो, तेव्हा सातव्या-आठव्या मात्रेवरची माझी धावपळ आपोआप कमी झाली. बाबांनी हाताने ताल धरला होता. एकतालाच्या टाळी-खालीचा हिशेब सोडून ते सरळ माझ्या जोरांवर टाळी देत होते. स्पेनमध्ये सेव्हियात किंवा हेरेसमध्ये पाल्मास, म्हणजे फ्लॅमेंकोच्या साथीच्या टाळ्या, देणारे जे करतात, ते माझे वडील गोरेगावच्या खोलीत करत होते, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आले हे मी इथे लिहून ठेवतो.

तरी त्यांचे समाधान झाले नव्हते. “दहा चांगली पडते,” ते म्हणाले, “पण त्यानंतर तू पळतोस. अकरा आणि बारा तू खातोस.”

मी ध्वनिमुद्रण करून ऐकले. ते खरे होते. दहाव्या मात्रेवर उतरल्याबरोबर माझा हात पुढच्या आवर्तनाच्या तयारीला लागत होता. बँडमध्ये असताना जागा संपली की उरलेला भाग ड्रमर भरून काढत असे आणि मी तेवढ्यात पुढच्या कॉर्डवर बोटे ठेवत असे. ती सवय पंचवीस वर्षांनंतरही माझ्या मनगटात शिल्लक होती, आणि आरशात ती दिसली नव्हती.

मग आम्ही एवढेच केले. मी दहाव्या मात्रेवर थांबायचे, तारा तळव्याने बंद करायच्या, आणि बाबांच्या अकराव्या व बाराव्या टाळीपर्यंत हात तारांवर तसाच ठेवायचा. साडेअकराला आईने जेवायला हाक मारली तोपर्यंत तीसेक आवर्तने झाली असतील. त्यातली चार बरोबर आली, असे बाबांचे मत आहे. माझ्या मते तीन.

उद्या गाड्या सुरू झाल्या तर संध्याकाळी साडेसातला घरी पोहोचेन. बाबांनी आठ वाजता बसायचे ठरवले आहे.