विंडोजमधली नको असलेली ॲप्स: आली त्या वाटेनेच बाहेर

नवा लॅपटॉप उघडला की स्टार्ट मेन्यूत न मागितलेल्या ॲप्सची गर्दी आधीच जमलेली असते. राइट-क्लिक, अनइन्स्टॉल, संपलं, असं वाटतं. मग विंडोजचं मोठं अपडेट येतं किंवा त्याच मशीनवर दुसऱ्या कुणासाठी नवं अकाउंट उघडलं जातं, आणि काढलेलं ॲप पुन्हा हजर. कारण सरळ आहे. ही सगळी ॲप्स एकाच वाटेने आलेली नसतात आणि अनइन्स्टॉलचं बटण त्यातली एकच वाट बंद करतं. म्हणून ॲप काढण्याआधी ते कुठून आलं हे ओळखायचं. पुढचं सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे.

आधी अपेक्षा जागेवर आणू. स्टोअरची बहुतेक ॲप्स वापरात नसली की विंडोज त्यांना स्थगित करून ठेवतं. त्यामुळे सॉलिटेअर किंवा हवामानाचं ॲप काढून मशीन पळायला लागत नाही, डिस्कवरची जागाही फारशी सुटत नाही. मशीन जड करतात ते सुरू होतानाच जागे होणारे अपडेटर, ट्रायल अँटीव्हायरस आणि उत्पादक कंपनीच्या सर्व्हिसेस. वेग हवा असेल तर टास्क मॅनेजरमधला स्टार्टअप ॲप्सचा भाग आधी बघा. तिथे न दिसणारं, म्हणजे शेड्यूल्ड टास्क आणि सर्व्हिसेस, बघायला मायक्रोसॉफ्टचंच ऑटोरन्स हे मोफत टूल आहे. त्यात नोंदीसमोरची खूण काढली की ती बंद होते आणि खूण परत केली की पूर्ववत होते, म्हणून थेट डिलीट करण्यापेक्षा खूण काढून दोन-चार दिवस बघणं बरं.

विंडोज ११ च्या स्टार्टमधले काही आयकॉन तर ॲप नसतातच. नुसती पिन असते. क्लिक केलं की मग स्टोअरवरून डाउनलोड सुरू होतं. ती अनपिन केली की विषय संपला. विंडोज १० मध्ये मात्र गेम्स वगैरे न विचारता खरोखर उतरवले जायचे. त्यावर 'टर्न ऑफ मायक्रोसॉफ्ट कन्झ्युमर एक्सपिरियन्सेस' ही पॉलिसी लावा, असा सल्ला अजून फिरत असतो. पण विंडोज १० च्या आवृत्ती १६०७ पासून ती पॉलिसी फक्त एंटरप्राइझ आणि एज्युकेशन या एडिशनमध्ये चालते. होम आणि प्रोमध्ये लावली तरी परिणाम शून्य. तिथे रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या अंतर्गत नोंदवहीत, चालू युजरच्या कंटेंट-डिलिव्हरी-मॅनेजर या की-मध्ये, सायलेंट-इन्स्टॉल्ड-ॲप्स-एनेबल्ड ही किंमत ० करायची. ही नोंद प्रत्येक अकाउंटसाठी वेगळी असते.

आता विंडोजबरोबर येणारी स्टोअर पद्धतीची ॲप्स. घोळ इथेच सगळ्यात जास्त होतो. अशा ॲपच्या फायली सी ड्राइव्हवर प्रोग्रॅम फाइल्समधल्या विंडोजॲप्स या लपवलेल्या फोल्डरमध्ये एकदाच ठेवलेल्या असतात. प्रत्येक अकाउंटमध्ये त्या ॲपची फक्त नोंद होते. शिवाय विंडोज एक वेगळी यादी बाळगतं: नवं अकाउंट तयार झालं की त्यात कोणती ॲप्स आपोआप घालायची. या यादीतल्या ॲप्सना प्रोव्हिजन्ड म्हणतात. सेटिंग्जमध्ये जाऊन ॲप्स, मग इन्स्टॉल्ड ॲप्स, तीन टिंबं आणि अनइन्स्टॉल (विंडोज १० मध्ये ॲप्स अँड फीचर्स, ॲपवर क्लिक आणि अनइन्स्टॉल) केलं की तुमच्या अकाउंटमधली नोंद जाते. फायली दुसरं अकाउंट वापरत असेल तर तिथेच राहतात आणि प्रोव्हिजन्ड यादीला तर हातही लागत नाही. एकाच माणसाचं मशीन असेल तर सहसा एवढं पुरतं. नसेल तर पॉवरशेल, म्हणजे कमांड टाइप करून विंडोजला काम सांगायची खिडकी, उघडायला हवं.

सॉलिटेअर घेऊन पूर्ण क्रम बघू. स्टार्टमध्ये 'विंडोज पॉवरशेल' शोधा, राइट-क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'. हे विंडोजबरोबर येणारं जुनं, ५.१ आवृत्तीचं पॉवरशेल हवं. वेगळं टाकलेल्या ७ मध्ये याच कमांड काही वेळा 'ऑपरेशन इज नॉट सपोर्टेड ऑन धिस प्लॅटफॉर्म' म्हणून अडतात. इथे कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देतोय, टाइप अर्थातच इंग्रजीत करायची. 'गेट-ॲपएक्स' एवढं लिहून टॅब दाबत राहिलं की पॉवरशेल पुढचं नाव स्वतः भरतं.

पहिली कमांड गेट-ॲपएक्सपॅकेज, पुढे एक जागा सोडून सॉलिटेअर हा शब्द दोन तारकांच्या मध्ये. उत्तरात पॅकेजचं पूर्ण नाव दिसेल आणि नॉन-रिमूव्हेबल नावाची एक ओळ. ती फॉल्स असेल तरच पुढे जायचं. तीच कमांड पुन्हा आणून शेवटी उभी रेघ आणि रिमूव्ह-ॲपएक्सपॅकेज जोडा. सगळ्या अकाउंटमधून काढायचं असेल तर गेट आणि रिमूव्ह या दोन्हींना 'ऑल-युजर्स' हा पर्याय लावायचा. मग प्रोव्हिजन्ड यादी: गेट-ॲपएक्सप्रोव्हिजन्डपॅकेज, पुढे 'ऑनलाइन' हा पर्याय. त्यात सॉलिटेअरची नोंद शोधून तिथलं पॅकेज-नेम कॉपी करा आणि रिमूव्ह-ॲपएक्सप्रोव्हिजन्डपॅकेजला 'ऑनलाइन' आणि 'पॅकेज-नेम' या पर्यायांसह द्या. इथे हमखास चूक होते. पहिल्या कमांडने दाखवलेलं पूर्ण नाव आणि या यादीतलं नाव सारखं दिसतं, पण एक नसतं: यादीतल्या नावात मध्ये 'न्यूट्रल' आणि लाटेसारखी टिल्डची खूण असते, पहिल्यात सहसा 'एक्स ६४' असतं. एकाचं नाव दुसऱ्या कमांडला दिलं की ती पॅकेज सापडत नाही म्हणते.

प्रोव्हिजन्ड यादीतून असं काढलेलं ॲप विंडोज रजिस्ट्रीत 'डीप्रोव्हिजन्ड' म्हणून नोंदवून ठेवतं आणि १८०३ आवृत्तीपासून मोठ्या अपडेटच्या वेळी ही नोंद पाळली जाते. म्हणजे या पायरीमुळे नव्या अकाउंटमध्येही ॲप येत नाही आणि अपडेटनंतरही परतत नाही. ती गाळली की नव्या अकाउंटची वाट उघडीच राहते आणि अपडेटचीही खात्री नसते. अनेक मशीनसाठी इमेज, म्हणजे विंडोजची तयार प्रत, बनवणाऱ्यांना उलटा त्रास होतो: ॲप एका अकाउंटमध्ये आहे पण प्रोव्हिजन्ड नाही, अशा स्थितीत सिसप्रेप हे त्या कामाचं विंडोजमधलं टूल अडून बसतं.

तारकांचा वापर जपून. नावाशिवाय नुसतं गेट-ॲपएक्सपॅकेज लिहून पुढे रिमूव्ह जोडणारी एक ओळ अनेक ठिकाणी छातीठोकपणे दिलेली असते. ती फोटोज, कॅल्क्युलेटर, इमेज उघडणारी एक्स्टेन्शन्स आणि खुद्द स्टोअरसुद्धा घेऊन जाते. स्टोअर गेलं असेल तर डब्ल्यूएसरीसेट ही कमांड 'आय' पर्यायासह चालवा आणि थोडं थांबा. ते पार्श्वभूमीवर परत उतरतं. यादीत व्हीसीलिब्स, यूआय झॅमल, डॉटनेट नेटिव्ह अशी नावं दिसतील. ती ॲप्स नाहीत, बाकीची ज्यांवर उभी आहेत ती पॅकेजेस आहेत. हीफ किंवा वेबपी एक्स्टेन्शन काढलं तर फोनवरून आलेले फोटो उघडेनासे होतात आणि दोष मात्र फोटोज ॲपला दिला जातो. ॲप इन्स्टॉलर हे नावही निरुपयोगी वाटतं, पण विनगेट हे कमांडने प्रोग्रॅम टाकायचं-काढायचं टूल त्यातूनच येतं. आणि विनगेट तर याच कामाला उपयोगी: विनगेट लिस्टने स्टोअरची ॲप्स आणि साधे प्रोग्रॅम दोन्ही एकाच यादीत दिसतात, विनगेट अनइन्स्टॉलने निघतात.

नॉन-रिमूव्हेबल ट्रू असलेल्यांच्या मागे लागू नका. 'हे विंडोजचा भाग आहे' अशा अर्थाचा एरर येतो आणि तो खरा असतो. विंडोजॲप्स फोल्डरची मालकी स्वतःकडे घेऊन आतलं फोल्डरच उडवायचं, हा उपाय तर सगळ्यात वाईट. नोंद तशीच राहते, फायली नसतात, फोल्डरच्या परवानग्या बिघडतात आणि मग इतर स्टोअर ॲप्सची अपडेट्सही अडकायला लागतात.

एक्सबॉक्स गेम बार काढताना क्रम महत्त्वाचा. आधी सेटिंग्जमधल्या गेमिंगमध्ये जाऊन गेम बार आणि पार्श्वभूमीवरचं रेकॉर्डिंग बंद करा, मग ॲप काढा. नाहीतर गेम सुरू केला की 'एमएस-गेमिंगओव्हरले' ही लिंक उघडायला नवं ॲप लागेल, अशी खिडकी पुन्हापुन्हा येत राहते: ॲप गेलं, पण त्याला हाक मारणारी सेटिंग चालूच राहिली. एएमडीच्या ७९५०एक्स३डीसारख्या प्रोसेसरवर मात्र गेम बार ठेवाच. कोणता प्रोग्रॅम गेम आहे हे त्यावरून ओळखून काम योग्य कोअर्सकडे पाठवलं जातं. आणि एक्सबॉक्स आयडेंटिटी प्रोव्हायडर काढलं तर मायक्रोसॉफ्टच्या काही गेम्समध्ये साइन-इनच होत नाही.

वनड्राइव्ह हा साधा प्रोग्रॅम आहे, एका क्लिकमध्ये निघतो. घोळ फोल्डरचा असतो. बॅकअप चालू असेल तर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये हलवलेले असतात आणि त्यातल्या बऱ्याच फायली डिस्कवर नसतातच, फक्त नाव दिसतं. फाइलसमोर निळ्या रेघेचा ढग म्हणजे ती ऑनलाइन आहे. हिरवी खूण म्हणजे डिस्कवर आहे. ढग दिसत असताना प्रोग्रॅम काढला तर त्या फायली वेबवर जाऊनच घ्याव्या लागतात. म्हणून वनड्राइव्ह फोल्डरवर राइट-क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा आणि सगळे ढग जाईपर्यंत थांबा. मग वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये बॅकअप बंद करा. फायली वनड्राइव्हच्या फोल्डरमध्येच राहिल्या असतील तर हाताने आपापल्या जागी हलवा. ही हलवाहलव वेबवरच्या प्रतीलाही लागू होते, तेव्हा तिथली प्रत ठेवायची असेल तर कट न करता कॉपी करा. त्यानंतर अकाउंट अनलिंक आणि शेवटी अनइन्स्टॉल.

एज ब्राउझर अधिकृतपणे काढता येतो तो युरोपियन इकॉनॉमिक एरियात, तिथल्या डिजिटल मार्केट्स ॲक्टमुळे. बाकी ठिकाणी डीफॉल्ट ब्राउझर बदलून त्याला स्टार्टअपमधून हटवणं पुरेसं आहे. यादीत वेगळं दिसणारं वेबव्ह्यू२ रनटाइम मात्र जिथे असाल तिथे राहू द्या. नवं आउटलुक, टीम्स आणि इतर कंपन्यांचे कित्येक प्रोग्रॅम आपली खिडकी त्यातूनच रंगवतात.

उत्पादक कंपनीने भरलेलं सामान हा वेगळाच मामला. ट्रायल अँटीव्हायरस आधी नेहमीच्या पद्धतीने काढा, मग त्याच कंपनीचं रिमूव्हल टूल चालवून रीस्टार्ट करा. हे ड्रायव्हर पातळीवर घुसलेले असतात आणि नुसत्या अनइन्स्टॉलनंतर अवशेष उरतात. दुसरा अँटीव्हायरस नाही हे दिसलं की विंडोजचा आपला डिफेंडर स्वतः चालू होतो, तरी विंडोज सिक्युरिटी उघडून खात्री करा. फॅन, बॅटरी चार्जिंगची मर्यादा, एफएन बटणं सांभाळणारं ॲप काढण्याआधी ती सोय बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये (फर्मवेअर), आहे का ते बघा. अशी काही ॲप्स ड्रायव्हरला जोडलेली असतात आणि विंडोज अपडेटच त्यांना परत आणतं.

ॲप गेलं म्हणजे सगळं गेलं असंही नाही. लेनोव्होच्या काही लॅपटॉपवर आलेलं सुपरफिश हे जाहिराती घुसवणारं सॉफ्टवेअर २०१५ मध्ये गाजलं, तेव्हा ते अनइन्स्टॉल केल्यावरही त्याचं रूट सर्टिफिकेट, म्हणजे कोणत्या वेबसाइट खऱ्या मानायच्या हे मशीनला सांगणारा दाखला, मशीनमध्ये राहत होतं आणि खरा धोका त्याचाच होता. त्याच वर्षी त्याच कंपनीच्या काही मशीनमध्ये फर्मवेअरच विंडोजला प्रोग्रॅम पुरवत असल्याचं उघडकीला आलं. डब्ल्यूपीबीटी या सोयीने बायॉस बूट होताना एखादी फाइल विंडोजच्या हाती देऊ शकतो, त्यामुळे विंडोज कोरं टाकलं तरी ती परत येते. काही मदरबोर्डवर उत्पादकाचं इन्स्टॉलर आपोआप वर येण्याचं कारण असंच असतं. बायॉस सेटअपमध्ये त्याचा स्विच शोधून बंद करा. विंडोजमधून कितीही काढलं तरी उपयोग नाही.

सामान फारच असेल तर एकेक काढत बसण्यापेक्षा विंडोज नव्याने टाका. 'रीसेट धिस पीसी' करताना सेटिंग्ज बदलण्याच्या पानावर 'रिस्टोअर प्रीइन्स्टॉल्ड ॲप्स' असा पर्याय दिसला तर तो 'नो' करा, नाहीतर उत्पादकाची ॲप्स रीसेटबरोबरच परत येतात. त्याहून स्वच्छ म्हणजे मीडिया क्रिएशन टूलने निदान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज उतरवून त्यावरून टाकणं. लायसन्स बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये फर्मवेअरमध्येच असतं, तीच एडिशन टाकली की ॲक्टिव्हेशन आपोआप होतं. सुरुवात करण्याआधी फायलींचा बॅकअप, बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या सोयीची) रिकव्हरी की आणि वायफायचा ड्रायव्हर दुसऱ्या ड्राइव्हवर घ्या. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर इन्स्टॉलरला एसएसडी दिसतच नाही. डिस्क बिघडलेली नसते. बायॉसमध्ये व्हीएमडी ही डिस्क सांभाळणारी इंटेलची सोय चालू असते. इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उत्पादकाच्या साइटवरून घेऊन, उलगडून त्याच पेन ड्राइव्हवर ठेवा आणि डिस्क निवडायच्या पानावर 'लोड ड्रायव्हर'ने दाखवा. एसएसडी लगेच यादीत येते.