काचेला जोर कळत नाही

पंख्याचा वेग कमी करायला माणसाला चष्मा लागावा, ही वेळ आता बऱ्याच घरांवर आली आहे. साधा पंखा सत्तर-ऐंशी वॅट खातो, नवा बीएलडीसी, म्हणजे बिनब्रशच्या मोटरचा पंखा तीसच्या आसपास. विजेचं बिल बघितलं की या पंख्याबद्दल वाईट बोलवत नाही. पण तो घरात आला की भिंतीवरचा रेग्युलेटर बाद होतो. इलेक्ट्रिशियन येतो, रेग्युलेटर काढून वायर थेट जोडतो, उरलेल्या भोकावर पांढरी डमी पट्टी बसवतो आणि हातात एक चपटा रिमोट ठेवून म्हणतो, "काका, आता सगळं यावरच. जपून ठेवा."

जपून म्हणजे कुठे? पहाटे गारठा वाटला की पूर्वी उठायचं, अंधारात हात भिंतीवर जायचा, दोन घरं मागे, टक टक, परत पांघरुणात. डोळेसुद्धा पुरते उघडावे लागत नसत. आता रिमोट उशीखाली नसतो, चादरीच्या घडीत नसतो, तो पलंग आणि भिंत यांच्यामधल्या फटीत असतो. मोबाइलचा टॉर्च लावून तो काढायचा. मग चष्मा शोधायचा, कारण सगळी बटणं एकाच आकाराची, एकाच उंचीची, आणि त्यांवरची अक्षरं पांढऱ्यावर राखाडी. नेमकं 'टर्बो' दाबलं जातं. पंखा वादळासारखा सुटतो, शेजारी झोपलेलं माणूस उठून बसतं, आणि पुढचं संभाषण पंख्याविषयी राहत नाही.

हॉलमध्ये एकाच मॉडेलचे दोन पंखे असतील तर आणखी मजा. एक रिमोट दाबला की दोघंही ऐकतात. आजोबांच्या डोक्यावरचा कमी करावा तर नातवाचाही कमी होतो. नातू वाढवतो, आजोबा मफलर मागतात. ज्या इंजिनिअरने त्या पंख्याची मोटर केली त्याला माझा नमस्कार. रिमोट मात्र बहुधा दुसऱ्याच कोणी जेवणाच्या सुट्टीत उरकलेला असावा.

स्वयंपाकघरात याहून वाईट प्रकार आहे, तो म्हणजे काच. इंडक्शन शेगडी, मायक्रोवेव्ह, चिमणी, अगदी मिक्सरसुद्धा. सगळ्यांची बटणं गेली आणि जागी गुळगुळीत काळी काच आली. या काचेखाली एक बारीकसं विद्युतक्षेत्र असतं. बोट जवळ आलं की तिथली धारकता, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, बदलते, आणि तेवढ्यावर यंत्र समजतं की कोणीतरी काहीतरी म्हणतंय. जोराचा इथे काही संबंध नाही. आमच्या मावशीला हे पटत नाही. ती अख्ख्या हाताचा भार देऊन काच दाबते.

"मावशी, नुसतं बोट टेकव."

"टेकवलं की रे! ऐकतंय कुठे मेलं?"

यात मावशीचा दोष नाही. कोरड्या, राठ झालेल्या बोटांची दखल ही काच नीट घेत नाही. आणि ओल्या बोटांनी ती गोंधळते, कारण पाणीही तिला बोटासारखंच वाटतं. म्हणजे बोट कोरडं हवं, पण फार कोरडं नको. कणीक मळणारं, कोथिंबीर धुणारं, हळदीच्या डब्यात गेलेलं तर नकोच नको. स्वयंपाकघरात असं बोट कोणाचं असतं? जो स्वयंपाक करत नाही त्याचं.

दुधाचंच बघा. पातेल्यात साय डोंगरासारखी वर येते. गॅस असता तर हात आपोआप कॉककडे गेला असता. इथे 'वजा'चं चिन्ह शोधायचं. एकदा टेकवलं की बाराशे वॅटचं हजार, पुन्हा टेकवलं की आठशे, दूध थांबायला तयार नाही. शेवटी पातेलंच उचलावं तर भांडं गेलं म्हणून शेगडी बोंबलायला लागते. तोवर दूध काचेवर आलेलं असतं, आणि दुधाचं बोट त्या काचेला आपल्या बोटापेक्षा चांगलं समजतं. ते भलत्याच बटणावर जाऊन बसतं. मी एकदा या शेगडीवर 'डोसा' मोड चालू झालेला पाहिला आहे. दुधाने केला होता.

हे सगळं कंपन्यांना कळत नसेल असं नाही. पण फिरतं बटण म्हणजे साचा आला, स्प्रिंग आली, भोक आलं, भोकातून झिरपणारं पाणी आलं. काच म्हणजे एक छापील पत्रा. पुढच्या वर्षी छपाई बदलली की नवं मॉडेल तयार. शिवाय दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली काच सुंदरच दिसते. आपण दुकानात वस्तू पाच-दहा मिनिटं बघतो आणि घरी पाच-दहा वर्षं वापरतो. तिचं सगळं रूप त्या पहिल्या पाच मिनिटांसाठी घडवलेलं असतं.

निळ्या दिव्याचंही तेच. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल निळ्या एलईडीसाठी मिळालं, आणि ते रास्तच होतं. निळा मिळाला म्हणून पांढरा मिळाला, घराघरातल्या पिवळ्या बल्बची सुट्टी झाली. पण म्हणून एक्स्टेन्शन बोर्डला निळा डोळा कशाला? चार्जरला? राउटरला तर पाच-पाच, तेही मिचकावणारे. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना तांबड्यापेक्षा निळसर उजेड जास्त बोचतो, त्यामुळे दिवे मालवल्यावर आमची बेडरूम विमानतळाच्या धावपट्टीसारखी दिसते. त्यावर उपाय इन्सुलेशन टेप. ज्या दिव्यासाठी नोबेल दिलं त्यावर आम्ही दहा रुपयांच्या काळ्या टेपचे तुकडे चिकटवतो.

असे उपाय घराघरात चालू असतात. मायक्रोवेव्हच्या 'स्टार्ट'वर लाल टिकली. वॉशिंग मशीनच्या रोजच्या प्रोग्रॅमपाशी नेलपॉलिशचा ठिपका. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी आणि रबर बँड. पाहुणे हसतात, पण ती टिकली नुसती खूण नाही. ती हाताला लागते. नजर अधू झालेल्या माणसाला सपाट काचेवर काहीच वाचता येत नाही, टिकली मात्र बोटाने वाचता येते. कारखान्यातून निघताना राहून गेलेलं काम कोणाची तरी सून किंवा नात पुरं करते, आणि त्याचे पैसे तिला कोणी देत नाही.

रिमोटच्या पूर्वजाची हकिकत ऐकून तर मला हेवा वाटतो. १९५६ मध्ये अमेरिकेत झेनिथ कंपनीचा 'स्पेस कमांड' हा रिमोट आला, रॉबर्ट ॲडलर यांनी बनवलेला. त्याला सेल लागतच नव्हते. बटण दाबलं की आत एक छोटी हातोडी ॲल्युमिनियमच्या दांडीवर आपटायची, आणि माणसाला ऐकू न येणारा तो नाद टीव्हीला कळायचा. सेल का नको? तर सेल संपले की गिऱ्हाइकाला वाटेल टीव्हीच बिघडला, अशी कंपनीच्या लोकांना काळजी होती. गिऱ्हाइकाच्या मनात काय येईल याचा एवढा विचार! आपण मात्र रिमोट तळहातावर बडवतो, मागची झाकणी काढून सेल अंगठ्याने फिरवतो (त्याने टोकांवरचा गंज खरवडला जातो, म्हणून ते चालतं), आणि तरीही आवाज वाढवायला गेलं की बोट ओटीटीच्या बटणावर पडतं. त्या बटणांच्या जागेसाठी ओटीटी कंपन्या पैसे मोजतात. आवाजाच्या बटणासाठी कोण मोजणार? शेवटची ओव्हर चालू असते आणि पडद्यावर कुठल्याशा मालिकेची जाहिरात उलगडत जाते.

ही म्हाताऱ्यांची कुरकुर आहे असं माझा पुतण्या म्हणतो. असेल. पण २०१७ मध्ये सिंगापूरजवळ अमेरिकन नौदलाची 'जॉन एस. मॅकेन' ही युद्धनौका एका टँकरवर आदळली, दहा नौसैनिक गेले, आणि चौकशीत सुकाणू व वेगाच्या टचस्क्रीनवरही बोट ठेवलं गेलं. त्यानंतर नौदलाने अशा विनाशिका जातीच्या युद्धनौकांवर वेगासाठी हाताने सरकवायचे थ्रॉटल परत आणायचं ठरवलं. त्या जहाजांवरची मुलं काही म्हातारी नव्हती. मोटारींना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपनेही २०२६ पासून हॉर्न, वायपर, इंडिकेटर यांसारख्या गोष्टींना खरीखुरी बटणं नसतील तर गुण कापायचं ठरवलं आहे. शेगडीला असे तारे देणारं मात्र कोणी नाही. जे आहेत ते वीज मोजतात, मनस्ताप मोजत नाहीत.

मध्यंतरी मायक्रोवेव्ह घ्यायला गेलो. विक्रेत्याने काचेचे चार दाखवले. एकात दोनशे मेनू होते, पावभाजीपासून पनीर टिक्क्यापर्यंत. मी कोपऱ्यातल्या दोन फिरत्या बटणांच्या डब्याकडे बोट दाखवलं.

"तो? तो बेसिक आहे, साहेब. हॉस्टेलची मुलं नेतात."

"हॉटेलवाले कसला नेतात?"

तो थोडा घुटमळला. "त्यांनाही फिरवायचाच लागतो. दिवसभर वापर असतो ना."

"तुमच्या घरी कुठला आहे?"

"दोनशे मेनूवाला," तो म्हणाला. मग आजूबाजूला मॅनेजर नाही हे बघून आवाज खाली आणला. "पण खरं सांगू का, आम्ही त्यातलं तीस सेकंदांचंच दाबतो. चहा गरम करायला."