माळ्यावरचा डुप्लिकेट व्हिडिओ गेम परत चालू केला, माझा अनुभव

घटस्थापनेच्या आधी सांगलीला घरी गेलो होतो, आईने नेहमीप्रमाणे माळा रिकामा करायला लावला, आणि पितळी भांड्यांच्या मागे गोणपाटात गुंडाळलेला आमचा व्हिडिओ गेम सापडला. आमचं घर गावभागात. २०१९ च्या पुरात खालच्या खोलीतलं कपाट, फ्रीज, फोटोंचे अल्बम सगळं गेलं, पण पाणी माळ्यापर्यंत चढलं नाही म्हणून हा तेवढा वाचला. सोबत दोन रिमोट (त्याला कंट्रोलर म्हणतात हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं), एक केशरी बंदूक आणि चार कॅसेट. त्यातल्या एकीवर मोठ्या अक्षरात ९९९९९९९ इन १. प्रत्यक्षात गेम निघायचे जेमतेम दहा, बाकी तेच परत परत, फक्त काँट्रा तिसऱ्या लेव्हलपासून नाहीतर मारिओ रात्रीचा.

आई म्हणाली भंगारात टाक. म्हणलं थांब, पुण्याला नेतो, बघू चालतोय का. "आता या वयात?" एवढंच म्हणून ती खाली गेली.

आधी हे सांगतो की आमचा गेम डुप्लिकेट होता, आणि तुमचाही बहुतेक डुप्लिकेटच असणार. अस्सल मशीन म्हणजे निन्टेन्डो या जपानी कंपनीचा फॅमिकॉम, तो जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला आला, मासायुकी उएमुरा आणि त्यांच्या टीमने बनवलेला. आपल्याकडे निन्टेन्डोची मशीन सामुराई नावाने रीतसर आली होती, पण माझ्या ओळखीत ती एकाच डॉक्टरांच्या घरी होती, बाकी आम्ही सगळे लिटल मास्टर, मीडिया नाहीतर बिननावाचे डबे. आमच्या डब्यावर नाव होतं, पण ते ताईने ब्लेडने खरवडून काढलेलं, का ते तिलाच माहीत. बाबांनी १९९७ ला बाराशे रुपयांना आणला होता आणि पुढचे दोन महिने घरात दर रविवारी त्या बाराशे रुपयांचा उल्लेख व्हायचा.

पुण्यात आल्यावर पहिला प्रश्न अ‍ॅडॅप्टरचा. जुना सापडला नव्हता. घरी राउटरचा एक पडून होता, पिन बरोबर बसत होती, लावणारच होतो तेवढ्यात डब्याच्या पोटावरचं अर्धं फाटलेलं स्टिकर वाचलं, ९ व्होल्ट. राउटरचा १२ चा. आणि पिन बसली म्हणजे झालं असं नसतं, मधलं टोक प्लस की मायनस हे कंपनीगणिक बदलतं, उलटा लागला तर खेळ खलास. स्टिकरवर त्या गोलाचं छोटं चित्र असतं ते मोबाईलने फोटो काढून झूम करून बघितलं आणि मग तपकीर गल्लीत जाऊन ९ व्होल्टचा घेतला, तिथेच मल्टिमीटर लावून प्लस मायनस तपासला. दुकानदार म्हणाला, "कशाला लागतो?" व्हिडिओ गेम म्हणल्यावर त्याने काउंटरच्या पोराला हाक मारून सांगितलं, "बघ रे, हे अजून काँट्रा खेळतायत." पोराला काँट्रा म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

लावला. लाल दिवासुद्धा नाही.

चार स्क्रू काढून उघडला. ज्यांनी कधी उघडला नसेल त्यांना सांगतो, आत बघून निराशा होते. एवढासा हिरवा बोर्ड, त्यावर मधोमध काळ्या डांबरासारखा एक थेंब, आणि अख्खा गेम त्या थेंबाखाली. अस्सल मशीनमध्ये प्रोसेसर वेगळा, चित्राची चिप वेगळी, सगळं सुटं सुटं. डुप्लिकेट म्हणजे क्लोन बनवणाऱ्यांनी ते एका चिपमध्ये कोंबलं आणि वर थेंब टाकला, स्वस्तात काम. थेंब गेला असेल तर विषय संपला, तो दुरुस्त होत नाही. माझ्या नशिबाने दुखणं बाहेर होतं, पॉवरच्या सॉकेटचा टाका निखळलेला (आम्ही वायरला अडखळायचो, रोज) आणि शेजारचा कपॅसिटर डोक्यावर फुगलेला. टाका मारला, कपॅसिटर बदलला, खर्च अडीच रुपये आणि बोटाला एक चटका. लाल दिवा लागला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, बायको झोपलेली, कोणाला सांगणार.

मग कॅसेट. आपण सगळे कॅसेट काढून फुंकायचो, फुंकलं की चालायची, तर त्यात फुंकरीचं काही कर्तृत्व नव्हतं म्हणे, काढून परत घातल्याने पिना नीट बसायच्या इतकंच. उलट तोंडातल्या वाफेने पिना गंजतात. माझ्या कॅसेटच्या पिना काळ्या पडलेल्या, आधी खोडरबर हलक्या हाताने, मग कानातल्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसल्या, तर चार काड्या भरून मळ निघाला, त्यात माझी आणि ताईची सात वर्षांची थुंकी असणार. काँट्रावाली आणि बदकवाली (बंदुकीने बदकं मारायची, नेम चुकला की कुत्रं हसतं ती) चालली. एक बंदच. ९९९९९९९ वाली मेनूपर्यंत येते, ते संगीत वाजवते आणि अडकते.

खरा ताप टीव्हीचा. घरचा टीव्ही स्मार्ट, मागे पिवळं भोकच नाही, एक अर्धं हिरवं अर्धं पिवळं असं भोक आहे. त्यात पिवळी वायर घातली तर चित्र आलं पण काळंपांढरं. मला वाटलं चिपच गेली, दोन दिवस तोंड पाडून बसलो. मग कळलं ते भोक दोन कामांचं आहे, टीव्ही त्याला कंपोनंट नावाची दुसरी जोडणी समजत होता, सोर्समध्ये जाऊन एव्ही निवडलं की रंग आले. रंग आले पण गेम खेळवेना. ए बटण दाबलं की मारिओ विचार करून उडी मारतो. जुन्या मशीनचं चित्र २४० ओळींचं, नवीन टीव्ही ते घेतो, आवळतो, ताणतो, पॉलिश करतो आणि मग दाखवतो, त्यात वेळ जातो. डोळ्याला कळत नाही पण अंगठ्याला कळतं. पहिल्याच खड्ड्यात तीनदा पडलो, जो खड्डा मी आठवीत असताना झोपेतही ओलांडला असता. गेम मोड ऑन केल्यावर थोडं सुधारलं. बंदूक मात्र अजिबातच नाही, एक बदक मरेना, कुत्रं वर येऊन हसतंय आणि मी चाळिशीचा माणूस त्याला शिव्या देतोय.

बंदुकीचं कारण वाचलं तेव्हा मला हा गेम बनवणाऱ्यांचं जाम कौतुक वाटलं. बंदुकीतून काही सुटतच नाही, उलट तीच बघते, तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा आहे. ट्रिगर दाबलं की अख्खा पडदा क्षणभर काळा होतो आणि मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, आधी काळं नंतर पांढरं दिसलं तर बदक मेलं. आधी काळं का, तर पोरांनी ट्यूबलाइटकडे नेम धरून फसवू नये म्हणून. आणि हे सगळं त्या जुन्या पिक्चर ट्यूबच्या टायमिंगवर बेतलेलं, नवीन टीव्हीवर पांढरा चौकोन येईपर्यंत बंदुकीने बघणं बंद केलेलं असतं. म्हणजे जुना डबडा टीव्ही शोधणं आलं.

मधल्या काळात मोबाईलवर एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करून तिचे गेम चालवणारं अ‍ॅप) टाकला, आता तर आयफोनवरही मिळतात, अ‍ॅपलने एप्रिल २०२४ पासून परवानगी दिली. आणि इथे माझं डोकं फिरलं. काँट्रा लावला आणि तो चुकीचा वाटला. चित्र कडक, सगळं जागेवर, पण गेम घाईत, आणि संगीत बारीक, म्हणजे सूर तोच पण आवाज दुसऱ्याच माणसाचा. म्हणलं वय झालं, आठवणीत भेसळ झाली असेल. मग डबा लावून दोन्ही शेजारी शेजारी वाजवून बघितले, तर खरंच फरक. शोधल्यावर कळलं ते असं की अस्सल गेम जपान अमेरिकेच्या टीव्हीसाठी, सेकंदाला ६० चित्रांचे, आपला टीव्ही पाल नावाच्या पद्धतीचा, ५० चा, आपल्याकडचे क्लोन ५० वर चालायचे, त्यामुळे आख्खा गेम सहाव्या हिश्श्याने सावकाश. आणि त्या नकली चिपांपैकी बऱ्याच चिपांमध्ये आवाजाच्या दोन सेटिंग आपापसात बदललेल्या होत्या, नक्कल करताना झालेली चूक, ती कोणी दुरुस्तच केली नाही. लाखो पोरं ती चूक ऐकत मोठी झाली. त्यातलाच मी एक.

आता मजा बघा. एफसीईयूएक्स नावाच्या कॉम्प्युटरवरच्या एम्युलेटरमध्ये ही चूक मुद्दाम चालू करायची सोय आहे, आणि रीजनच्या मेनूत तीन पर्याय आहेत, एनटीएससी (जपान अमेरिकेची ६० वाली पद्धत), पाल आणि डेंडी. डेंडी म्हणजे रशियात १९९२ च्या शेवटी आलेला असाच क्लोन, त्यांच्याकडे तो इतका चालला की लोकांनी त्याचा इतिहास जपला, त्याचं नाव मेनूत गेलं. मी डेंडी निवडलं, ती चूक चालू केली, आणि कॉम्प्युटरमधून आमच्या गावभागातल्या पुढच्या खोलीचा आवाज आला. माझं लहानपण रशियन नावाखाली सापडलं. आपल्या डब्यांना तर नावच नाही.

म्हणून नॉस्टॅल्जियाचे जे व्हिडिओ येतात त्यावर माझा राग आहे. नव्वदच्या दशकातली मुलं, आठवतंय का, असं म्हणून आपलीच पोरं तो अमेरिकन राखाडी चौकोनी डबा दाखवतात, जो इथे क्वचितच कोणी बघितला होता. आपल्याकडे लोडशेडिंग होतं, कॅसेटची अदलाबदल होती, दहा रुपये तासाचं पार्लर होतं जिथे काका घड्याळ पुढे करायचे. ते यात कुठेच नाही, दुसऱ्याच्या आठवणी आपल्या म्हणून चालल्यात. २०१६ ला निन्टेन्डोने जुन्या मशीनची छोटी आवृत्ती काढली, ३० गेम आत भरून, चांगलीच आहे, पण ती अस्सल आहे हाच माझा तिच्याशी प्रॉब्लेम आहे. आमची ती चुकीच्या आवाजाची मशीन परत कोण बाजारात आणणार? ती कायदेशीर कोणाची नाहीच. अस्सल मालाची तरी कुठे धड जपणूक आहे म्हणा, अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ ला मोजलं तर २०१० च्या आधी तिथे निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात मिळतच नाहीत. ज्याला पायरेटेड म्हणून नाकं मुरडतो त्या कॅसेटमुळेच माझ्याकडे अजून काहीतरी आहे, पटो न पटो.

आणि जुने गेम भारी होते असंही मी म्हणत नाही बरं का. निम्मे रद्दी होते, अवघड अशासाठी की लवकर संपू नयेत. भाचा बीजीएमआय (पबजीचा भारतातला अवतार) खेळतो ते माझ्या काँट्रापेक्षा कितीतरी खोल आहे. फक्त २०२२ च्या जुलैमध्ये तो एका रात्रीत स्टोअरवरून गायब झाला, पुढच्या वर्षी परत आला, तेव्हा भाच्याचं तोंड बघण्यासारखं होतं. माझा डबा वीस वर्षं गोणपाटात होता आणि कोणाला विचारायला न जाता चालू झाला.

टीव्ही शेवटी सांगलीतच मिळाला. स्टँडजवळच्या एका रिपेअरवाल्या काकांकडे पोटमाळ्यावर १४ इंची पडला होता. म्हणाले, "कुठनं उकरून काढलास रे हे? घेऊन जा की, जागा तरी मोकळी हुईल." पैसे घेत नव्हते, बळंच तीनशे दिले. एक मात्र बजावलं त्यांनी, टीव्हीचं मागचं झाकण स्वतः उघडायचं नाही, पिक्चर ट्यूब बंद असतानाही झटका देते, ते काम आमचं. ऐकलं. दहा किलोचा टीव्ही मांडीवर घेऊन रिक्षातून आलो, चालू केला तेव्हा तो टण्ण आवाज आणि पडद्याला हात लावल्यावर हातावरचे केस उभे राहतात ते, आठवत असेल ज्यांना आठवायचं त्यांना.

भाऊबीजेला ताई आली. ओवाळून झालं, ताटात पाकीट टाकलं, आणि पुढच्या खोलीत आली तर गेम लावलेला. काही बोलली नाही, पदर खोचला आणि खाली मांडी घालून बसली. काँट्रा. वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, मी पुटपुटायच्या आत तिचा अंगठा मारून मोकळा, तीस लाइफ. हा कोड काझुहिसा हाशिमोटो नावाच्या माणसाने आधी स्वतःच्या सोयीसाठी दुसऱ्याच गेममध्ये घातला होता, कारण तो गेम त्यालाच अवघड जात होता. तिसऱ्या लेव्हलला धबधबा येतो, तिथे एक जण भराभर वर चढला की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला मरतो. ताईने तेच केलं. लहानपणी करायची तेच, हसायचीही तशीच. माझ्या अकरा लाइफ एकट्या धबधब्यात गेल्या.

मग बंदूक. आता पिक्चर ट्यूब आहे, आता बघतोच म्हणलं. पहिलं बदक पडलं, दुसरं पडलं. आई दारात उभी राहून बघत होती. तिसरं बदक सरळ येता येता अचानक खाली वळलं, मग उजवीकडे, परत खाली, तीन गोळ्या फुकट, कुत्रं वर आलं. पुढचंही तसंच. लहानपणीही ही बदकं माझ्याच वेळी अशी लबाड व्हायची, ताईच्या वेळी सरळ उडायची, मला वाटायचं माझा नेम वाईट, शाळेत एनसीसी घेतली नाही त्यामागेही हेच होतं हे आज कबूल करतो.

आणि मग मला तिच्या मांडीवरचा रिमोट दिसला. स्टार्ट दाबायला लागतो म्हणून तो कायम तिच्याकडे असायचा. अंगठा हलत होता.

"अगं, त्याने बदक हलतं?"

"तुला आज कळतंय?" ताई म्हणाली. "मार की, कुत्रं हसतंय बघ."